मोहरीवरची संगीन

जुनी बंदूक पाहावयास मिळाली म्हणजे आपण काय पाहतो? दस्त्यावरचे चांदीचे काम पाहतो, नळीवरची नक्षी पाहतो, आणि यजमानांना हटकून विचारतो, "हिचा पल्ला किती?" तिच्या तोंडाकडे, ज्याला आपल्या भाषेत मोहरी म्हणतात तिकडे, वाकून कोणी पाहत नाही. वस्तुतः बंदुकीचे बरेचसे शहाणपण त्या शेवटच्या दोन बोटांत साठलेले असते. गोळीला स्पर्श करणारी ती शेवटची जागा. तेथून ती सुटली की मग ती आणि वारा.

हे मला उमगले ते, सांगताना गंमत वाटते, श्रीक्षेत्र गाणगापुरी. तेथे दुपारी माधुकरी मागण्याचा व घालण्याचा प्रघात आहे. त्या वेळी महाराज कोणत्या ना कोणत्या रूपाने गावात फिरतात अशी भाविकांची श्रद्धा. माधुकरी आटोपून मी भीमा-अमरजेच्या संगमावर औदुंबराच्या सावलीत बसलो होतो. शेजारी अक्कलकोटकडचे एक निवृत्त हवालदार येऊन टेकले. वीस-बावीस वर्षे त्यांनी सैन्यात आर्मररचे, म्हणजे पलटणीच्या रायफली दुरुस्त करण्याचे काम केलेले. मी ग्वाल्हेरचा शाळामास्तर हे कळताच त्यांनी आधी किल्ल्याची चौकशी केली आणि नंतर विचारले, "तुमच्याकडं वाड्यावाड्यांत जुन्या बंदुका असतील न्हवं?"

त्यावरून मला आमच्या एका आप्तांच्या घरची हकीकत आठवली. त्यांच्या दिवाणखान्यात संगीन लावलेली एक चकमकीची बंदूक आहे. काही वर्षांपूर्वी ती एका कारागिराकडे उजळावयास दिली. संगीन नळीवर चढेना, म्हणून त्या गृहस्थाने संगिनीचे नळकांडे आतून कानशीने घासले. घासता घासता ते इतके सैल झाले की आता संगीन घंटेच्या लोलकासारखी हलते. वर मोहरीची कडही त्याने चकचकीत करून गोलावून दिली. हे ऐकताच हवालदारांनी जीभ चावली. "मास्तर, घासून बसवलेली संगीन बसत न्हाई. ती मेली म्हणायची."

मग ओल्या वाळूत काठीने रेघा ओढून त्यांनी मला सारी गोष्ट समजावून दिली. त्या काळी नळ्या हातांनी घडत. आतले भोक मापाचे असले तरी बाहेरची जाडी प्रत्येक नळीची केसभर निराळी. म्हणून प्रत्येक संगिनीचे नळकांडे त्या त्या नळीवर जुळवून बसवावे लागे, आणि जोडी मोडू नये म्हणून पुष्कळदा दोहोंवर एकच आकडा ठोकलेला असे. नळकांड्याला नागमोडी खाच असते. नळीवरच्या खुंटीवर ती खाच चढवायची, आत सरकवायची, वळवायची, पुन्हा सरकवायची. की संगीन अडकली. इंग्रजी बंदुकीवर हीच खुंटी नेम धरण्याच्या माशीचेही काम करी. म्हणजे संगीन चढवताना ही खुंटी ज्याने वाकवली त्याने बंदुकीचा नेमही बिघडवला.

या नळकांड्यामागे बरेच रक्त सांडले आहे. सतराव्या शतकातल्या पहिल्या संगिनी बुचासारख्या होत्या; लाकडी मूठ सरळ मोहरीत खुपसायची. ती एकदा खुपसली की बंदूक उडवता येत नसे, नुसता भाला उरे. २७ जुलै १६८९ रोजी स्कॉटलंडात किलीक्रँकी येथे सरकारी फौजेचा घात झाला तो यानेच. डोंगरी लोक धावून अंगावर आले, आणि गोळ्या झाडून मग संगिनी खुपसण्याइतका अवकाशच शिपायांना मिळाला नाही. फ्रान्समध्ये व्होबाँ या दुर्गशास्त्रज्ञाने पुढे आणलेल्या नळकांड्याच्या संगिनीने तोंड मोकळे ठेवले. पात्याला मानेशी बाक देऊन ते नळीच्या बाजूला काढले, की गोळी निर्वेध जावी आणि गजाने बार ठासणाऱ्या शिपायाचा हातही कापू नये. संगीन हा शब्द फारसी. मूळ अर्थ दगडी, भक्कम. शब्द ज्याने योजला त्याला वस्तू चांगली कळली होती.

ग्वाल्हेरकरांना हा इतिहास परका नाही. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये सव्हॉयचा द बॉइन्य याला चाकरीस ठेवले, आणि त्याने कवायती पलटणी उभ्या केल्या. आग्र्यास सँग्स्टर नावाचा स्कॉट कारागीर त्याच्यासाठी तोफा ओती आणि बंदुका घडवी. बंदूक दहा रुपयांस पडे अशी नोंद इंग्रज लेखकांनी केली आहे. त्याच लेखकांनी असेही लिहिले आहे की, नजीब पलटणींच्या तोड्याच्या बंदुकांनाही द बॉइन्यने संगीन जोडली. मला यात मोठे मर्म दिसते. तोड्याची बंदूक आपल्या लोकांच्या हातची, ओळखीची. ती टाकून न देता तिच्या मोहरीवर काय बसेल एवढेच त्याने पाहिले. १० सप्टेंबर १७९० रोजी मेडत्यास राठोडांचे स्वार तुटून पडले तेव्हा या पलटणींनी पोकळ चौकोन धरून त्यांना तोंड दिले. चारी बाजूंनी घोडी अंगावर येत असताना संगीन चढलेली ठेवूनच बार भरावा लागतो. अशा वेळी पात्याचा बाक चुकला असता किंवा नळकांडे सैल असते तर काय झाले असते, हे ज्याचे त्याने मनाशी आणावे.

हवालदारांना मात्र इतिहासापेक्षा रायफलीत गोडी. ते म्हणाले, "मोहरीवर काय बी बसवा, नळीच्या सरळीत बसलं पायजे." नळी रिकामी आहे, आत काडतूस नाही, याची दोनदा खात्री करून ती उजेडाकडे धरतात, मोहरीभोवतीचे कडे सारख्या जाडीचे दिसले तर ठीक, चंद्रकोरीसारखे एकीकडे जाड दिसले तर ते काम परत. मोहरीच्या कडेला एका अंगाने टवका गेला की बारूदाचा वायू त्या अंगाने आधी निसटतो आणि गोळीच्या बुडाला ढकलतो. गोलावून दिलेली ती चकचकीत मोहरी मला तेव्हा डोळ्यांपुढे दिसली.

माशीचे गणित तर आपल्या समजुतीच्या उलटे. गोळ्या डावीकडे पडत असल्या तर पुढची माशी उजवीकडे सारावी असे कोणालाही वाटेल. सारतात ती डावीकडेच. गोळ्या उंच लागल्या तर माशी उंच घालायची. माझी मुद्रा पाहून हवालदार हसले व काठी धरून त्यांनी मला प्रत्यक्ष नेम धरावयास लावला, तेव्हा ते पटले. आजूबाजूचे भाविक काय समजले असतील ते दत्तमहाराज जाणोत!

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. संगीन चढली की नळीच्या टोकाशी वजन येते, नळीचे थरथरणे बदलते, आणि गोळी दुसरीकडेच लागते. म्हणून रशियन लोक आपल्या मोसिन रायफलीची माशी संगीन चढवूनच लावीत. काढली की नेम हुकला. इंग्रजांनी आखूड ली-एन्फील्डमध्ये, जी आपल्याकडे ईशापूरच्या कारखान्यात वर्षानुवर्षे घडली, संगिनीचा भार नळीवर न टाकता लाकडाच्या टोकाशी असलेल्या लोखंडी टोपणावर टाकला. मला ही दुसरी युक्ती अधिक आवडली, हवालदारांना पहिली. "जे लावून लढायचं तेच लावून नेम बघायचा," असे त्यांचे म्हणणे, आणि लढाईतले मला काय कळणार!

ज्यांच्या घरी अशी जोडी असेल त्यांनी परवान्याची कागदपत्रे १९५९ च्या कायद्याप्रमाणे नीट आहेत ना हे पाहावेच. पण उजळणाऱ्याच्या हाती बंदूक देण्यापूर्वी नळीवरचा व नळकांड्यावरचा आकडा ताडून पाहावा. आमच्या आप्तांकडे परत आल्यावर आम्ही भिंग घेऊन पाहिले. नळीवर एक आकडा, संगिनीवर दुसरा. ती संगीन त्या बंदुकीची कधी नव्हतीच. कोणत्या तरी पिढीत कोणी तरी शोभेसाठी जवळ आणून ठेवली असावी. न चढणे हेच तिचे खरे बोलणे होते, आणि कानशीने तेच बंद केले. तिची मूळची बंदूक कोणाच्या वाड्यात असलीच, तरी आता तिच्यावरही ती बसणार नाही.

जोडी जुळत असली तरी संगीन बारा महिने चढवून ठेवू नये, असे हवालदारांनी बजावले आहे. नळकांडे आणि नळी यांच्या मध्ये ओल धरते आणि आतल्या आत गंज चढतो. पावसाळ्यापूर्वी ती उतरवावी, दोन्ही अंगे तेलाच्या फडक्याने पुसावीत, आणि दसऱ्याला पूजेपुरती चढवावी. तीही हाताने, हातोडीने नव्हे.