ओटा न फोडता प्रसन्न स्वयंपाकघर

‘घराची कळा अंगण सांगते’ अशी जुनी म्हण आहे. शहरात अंगण आक्रसत गेले आणि घराची कळा सांगण्याचे काम स्वयंपाकघराकडे आले. म्हणूनच दिवाळी किंवा लग्नकार्य जवळ आले की सोलापुरातील अनेक घरांत एक विषय हमखास निघतो : स्वयंपाकघर ‘करून घ्यायचे’. मॉड्युलर किचनची माहितीपत्रके घरी येतात, ओटा फोडायचा की ठेवायचा यावर खल होतो आणि खर्चाचा आकडा लाखांच्या घरात गेला की विषय पुढच्या दिवाळीवर ढकलला जातो. भाड्याच्या घरात तर भिंतीला खिळा मारण्यासाठीही मालकाची परवानगी घ्यावी लागते.

या चर्चेत एक साधा प्रश्न मात्र राहून जातो. आपले स्वयंपाकघर आपल्याला नकोसे का वाटते? फरशा जुन्या झाल्या म्हणून नकोसे वाटले, असे क्वचितच घडते. तेथे उकडते, अंधार असतो, अर्ध्या तासात पाठ धरते आणि दुसऱ्या माणसाला बसायला जागा नसते, ही खरी कारणे असतात. या चारही अडचणींवर तोडफोड न करता बरेचसे उपाय करता येतात. काम करणाऱ्या व्यक्तीला त्रास होऊ नये आणि घरातील इतरांना तेथे दोन घटका थांबावेसे वाटावे, एवढी कसोटी समोर ठेवली की कोणता खर्च करायचा आणि कोणता टाळायचा, हे आपोआप ठरत जाते.

पाटावरून ओट्याकडे

सोलापूर जिल्ह्यातील जुन्या माळवदाच्या घरांत भिंती जाड असत आणि उजेडासाठी व धुरासाठी छतात झरोका ठेवलेला असे. सारा स्वयंपाक जमिनीवर बसून होई. धुराचा त्रास मोठा होता. पण आणखी एक पाट टाकला की दुसऱ्या माणसाची सोय होत असे. मुंबईत १९५५ मध्ये घरगुती गॅसची विक्री सुरू झाली. पुढे गॅस गावोगावी पोहोचला, शेगडी ओट्यावर चढली आणि स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. धूर गेला, वाकणेही कमी झाले. मात्र स्वयंपाक करणारी स्त्री भिंतीकडे तोंड आणि घराकडे पाठ करून उभी राहिली.

हा अनुभव केवळ आपला नाही. आजच्या मॉड्युलर किचनचे मूळ मानले जाणारे ‘फ्रँकफर्ट किचन’ १९२६ मध्ये मार्गारेट शूटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार महिलेने जर्मनीत तयार केले. रेल्वेच्या भोजनडब्यातील आटोपशीर स्वयंपाकघर हा तिच्यापुढील एक नमुना होता. सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब अशा जागेत प्रत्येक वस्तू हाताशी येईल, अशी ही रचना होती. फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींत अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसविण्यात आली. श्रम वाचले, पण एकाच व्यक्तीला पुरेल एवढ्या जागेने गृहिणीला घरापासून एकटे पाडले, अशी टीका पुढे झाली. आपल्याला यातून दोन्ही गोष्टी घेता येतील. पावले वाचवावीत आणि सोबतही राखावी.

आपलीच सावली आपल्या हातावर

सर्वात स्वस्त आणि सर्वात जाणवणारा बदल उजेडाचा असतो. बहुतेक स्वयंपाकघरांत ट्यूबलाइट मागच्या भिंतीवर किंवा छताच्या मध्यभागी असते. ओट्याशी उभे राहिले की आपली सावली नेमकी विळीवर आणि पातेल्यात पडते. दिवा कितीही मोठा लावला तरी ही सावली हटत नाही, कारण दोष दिव्याच्या जागेत आहे. भांड्यांच्या फळीच्या किंवा वरच्या कपाटाच्या खालच्या कडेला, डोळ्यांवर तिरीप येणार नाही अशी एलईडी पट्टी लावली की उजेड हातांवर पडतो. साधा ९ वॅटचा एलईडी दिवा जुन्या ६० वॅटच्या बल्बएवढा प्रकाश देतो, त्यामुळे विजेच्या बिलाची चिंता नको. दिवा घेताना खोक्यावरील केल्विनचा आकडा पाहावा. ४००० केल्विनच्या आसपासचा प्रकाश कामासाठी स्वच्छ असतो आणि निळसरही वाटत नाही.

भिंतीचा रंगही उजेडाचाच भाग आहे. फिकट भिंत पडलेल्या उजेडाचा मोठा हिस्सा परत फेकते, गडद भिंत तो गिळून टाकते. हौसेचा गडद रंग एखाद्या कोनाड्यापुरता ठेवावा. ओट्यासमोरची भिंत आणि छत शुभ्र किंवा फिकट पिवळसर असावे.

वारा येतो कोठून, जातो कोठे?

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. अशा वेळी दोन शेगड्या पेटलेल्या खोलीत कोणी आपणहून जाऊन बसणार नाही. छताचा पंखा लावला तर ज्योत फडफडते, म्हणून तो बंद ठेवावा लागतो. यावर एक्झॉस्ट पंखा हा उपाय आहे. पण त्याची निवड अंदाजाने होते. हिशोब सोपा आहे. ८ फूट बाय १० फूट आणि १० फूट उंच खोलीत ८०० घनफूट हवा असते. स्वयंपाकाच्या वेळी ती तासाला पंधरा वेळा बदलावी असे धरले, तर पंख्याने मिनिटाला सुमारे २०० घनफूट हवा बाहेर टाकायला हवी. पंखा घेताना ही क्षमता विचारून घ्यावी.

पंखा हवा बाहेर टाकतो तेवढीच हवा आत यावी लागते, हे अनेकदा विसरले जाते. दार-खिडक्या बंद असतील तर चांगला पंखाही नुसता घरघरतो. पंखा शेगडीजवळ उंचावर आणि हवेची वाट त्याच्या समोरच्या बाजूला, अशी रचना असावी. खिडकीची जाळी तेलकट धुळीने बुजली असेल तर ती आधी सोड्याच्या पाण्याने धुवावी. पुष्कळ घरांत तेवढ्यानेच फरक पडतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. त्यामुळे खालच्या बाजूलाही हवेला वाट हवी. गॅसचा वास आल्यास पंख्याचे किंवा दिव्याचे बटण न दाबता दार-खिडक्या उघडाव्यात आणि रेग्युलेटर बंद करावा.

स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर असेल तर निम्मी लढाई गच्चीवर लढावी लागते. उन्हाळ्यापूर्वी गच्चीला चुन्याचा किंवा ऊन परावर्तित करणाऱ्या पांढऱ्या रंगाचा हात दिला की स्लॅब कमी तापतो. शेजारच्या तेलंगण राज्याने २०२३ मध्ये अशा थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच आखले. खिडकी पश्चिमेला असल्यास आतल्या पडद्यापेक्षा बाहेरून बांधलेली बांबूची चटई अधिक उपयोगी पडते, कारण ऊन काचेपर्यंत पोहोचण्याआधीच अडते.

उंचीचे आणि भाकरीचे गणित

ओट्याची उंची साधारणपणे ३२ ते ३४ इंच ठेवली जाते. चिरणे, ढवळणे अशा हलक्या कामांसाठी पृष्ठभाग कोपरापेक्षा ४ ते ६ इंच खाली असावा. पाच फूट उंचीच्या स्त्रीचे कोपर ३७-३८ इंचांवर येते, म्हणजे तिला नेहमीचा ओटा चिरण्यापुरता योग्य ठरतो. पीठ मळताना आणि भाकरी थापताना मात्र अंगाचा भार हातावर यावा लागतो. त्यासाठी पृष्ठभाग आणखी खाली हवा, नाहीतर खांदे उचलून काम करावे लागते. ज्वारीची भाकरी हे ज्या घरचे रोजचे अन्न आहे, तेथे या दोन-चार इंचांची किंमत रोज खांद्यांनी मोजावी लागते.

यासाठी ओटा फोडण्याचे कारण नाही. जेवणाचे टेबल बहुधा ३० इंच उंच असते. पीठ मळण्याचे काम तेथे हलवावे. भाकरी थापण्याच्या जागी तीन-चार इंच उंचीची, न घसरणारी आणि दोन्ही पाय ऐसपैस मावतील अशी रुंद लाकडी चौकी ठेवता येईल. ती शेगडीसमोर असल्याने डगमगणारी मुळीच नसावी. उंच व्यक्तीने उलट उपाय करावा आणि चिरण्याच्या फळीखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा.

दगडाची ओळख

सोलापूर परिसरातील कितीतरी घरांत जमिनीला शहाबादी फरशी आणि ओट्याला कडप्पा असतो. हे दगड कळकट दिसू लागले की ते बदलण्याचा विचार सुरू होतो. हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. लिंबू, चिंच, व्हिनेगर आणि संडास-मोरी धुण्याचे ॲसिड यांची चुनखडीशी रासायनिक क्रिया होते, पॉलिश उडते आणि पांढुरके डाग राहतात. म्हणजे हा दगड बऱ्याचदा चुकीच्या सफाईनेच जुना दिसू लागतो. रोज सौम्य साबणाचे पाणी पुरेसे असते. तेलाच्या डागावर खाण्याच्या सोड्याचा दाटसर लेप रात्रभर ठेवून सकाळी पुसावा. बोअरच्या जड पाण्यामुळे नळावर साचलेला पांढरा थर व्हिनेगरने निघतो. मात्र तो थेंब कडप्प्यावर सांडू देऊ नये. दगड फारच निस्तेज झाला असेल तर जागच्या जागी घासून पुन्हा पॉलिश करून घेता येतो.

पाण्याची जागा

उजनीचे पाणी सोलापूरकरांना वर्षानुवर्षे काही दिवसांआड मिळत आले आहे. त्यामुळे पिंप, हंडे आणि कळश्या हा येथील स्वयंपाकघराचा अविभाज्य भाग बनला. माहितीपत्रकांतील गुळगुळीत स्वयंपाकघरांत त्यांना जागाच नसते. पाणी लपवण्यापेक्षा त्याला हक्काची जागा द्यावी. २०० लिटरचे पिंप भरले की २०० किलोंचे होते. ते जमिनीवरच, येण्याजाण्याच्या वाटेबाहेर असावे. पिण्याचे पाणी तोटी असलेल्या झाकणबंद भांड्यात ठेवले की त्यात हात बुडत नाही. डेंग्यूचे डास साठवणीच्या पाण्यातच वाढतात आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून आतली बाजू घासावी आणि कोरडी करावी.

आधी काढा, मग मांडा

जुन्या घरांतील उतरंड आठवून पाहा. एकावर एक मडकी रचून थोड्या जागेत वर्षाची साठवण होत असे. लहान स्वयंपाकघराचे सूत्र आजही तेच आहे : जमीन मोकळी ठेवावी आणि भिंत वापरावी. भिंतीवरची स्टीलची मांडणी, खुंट्या आणि एक अरुंद फळी मिळून एका कपाटाचे काम करतात. ही काटकसर ज्यांच्यासाठी नाइलाजाची आहे, अशी घरे सोलापुरात हजारोंनी आहेत. कुंभारी येथे २००६ मध्ये विडी कामगारांच्या दहा हजार घरांची गोदुताई परुळेकर वसाहत उभी राहिली. त्याच परिसरातील रे नगरच्या तीस हजार घरांपैकी पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी असंघटित कामगारांना देण्यात आली. अशा छोट्या घरांत एक फळी कोठे लावायची, हा निर्णयही महत्त्वाचा असतो.

फळी लावण्याआधी मात्र एका रविवारी सारे सामान बाहेर काढावे. वर्षभर हात न लागलेली भांडी माळ्यावर जावीत. रोजचे डबे कमरेपासून डोळ्यांच्या उंचीपर्यंत, जड भांडी खाली, असा क्रम लावावा. मसाल्याचा डबा शेगडीच्या उजव्या-डाव्या हाताशी, धुतलेली भांडी मोरीजवळ आणि पिठाचा डबा परातीजवळ आला की दिवसभरातील कितीतरी फेऱ्या वाचतात.

‘ये, बस’ म्हणण्याची सोय

एवढे झाल्यावर शेवटची आणि कदाचित सर्वात महत्त्वाची गोष्ट उरते : एक बैठक. ओट्यापासून तीन-चार फुटांवर, वाफ आणि उडणाऱ्या तेलापासून दूर, भिंतीला टेकून ठेवलेले एक स्टूलही पुरते. जागा असल्यास भिंतीला बिजागरीवर दुमडणारी फळी बसवावी. तेथे आजी शेंगा सोलतील, मुले गृहपाठ करतील, कोणी भाजी निवडून देईल. स्वयंपाकाचा भार वाटून घेण्याच्या गप्पा घरोघरी होतात. पण मदतीला आलेल्या माणसाला उभे राहायलाही जागा नसेल तर तो दारातूनच परत जातो.

सजावटीसाठी सोलापूरकरांना दूर जाण्याची गरज नाही. भौगोलिक मानांकन मिळालेली चादर आणि टेरी टॉवेल याच शहरात विणले जातात. जुन्या चादरीचा धड असलेला भाग कापून बैठकीवर घालता येतो, टॉवेलचे तुकडे हात पुसण्यासाठी उत्तम ठरतात. मात्र शेगडीच्या आसपास पडदा किंवा लोंबणारे कापड नसावे. खिडकीत कोथिंबीर-पुदिन्याची एक कुंडी ठेवावी. भाजी धुतलेले पाणी तिला चालते.

हे सारे एकाच वेळी करण्याची आवश्यकता नाही. पहिल्या आठवड्यात आवराआवर आणि जाळ्यांची सफाई करावी. त्याला काहीच खर्च नाही. पुढच्या पगारात दिवा, त्यापुढे पंखा, उन्हाळ्यापूर्वी गच्ची, असे टप्पे ठेवावेत. प्रत्येक टप्प्यापूर्वी त्या ओट्याशी रोज उभ्या राहणाऱ्या व्यक्तीला ‘तुला सर्वात जास्त त्रास कशाचा होतो?’ हे विचारावे आणि तिच्या उत्तरापासूनच कामाला सुरुवात करावी. पुष्कळदा ते उत्तर टाइल्सबद्दल नसते, हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येईल.