तक्ता भरा, स्टार्टरचा विद्युत नकाशा तयार करा

केज तालुक्यात धनेगावजवळ मांजरा धरण आहे. २०१६ साली दुष्काळात हे धरण कोरडे पडले आणि लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा भागात विहिरीचे वा बोअरचे पाणी केव्हा तुटेल याचा नेम नसतो. म्हणून मूळच्या साध्या स्टार्टरला पुढे सिंगल फेज प्रिव्हेंटर, ड्राय रन गार्ड, ऑटो स्विच अशी जोड दिली जाते. परंतु प्रत्येक जोड वेगळा वायरमन देतो व नकाशा कोणीच ठेवत नाही. बिघाड झाला की अंदाजाने तारा जोडून मोटार 'डायरेक्ट' केली जाते. त्यामुळे मोटार जळते. कधी कधी तर स्टॉप दाबूनही मोटार बंद होत नाही व माणसाच्या जिवावर बेतते.

कारखान्यात काय करतात?

कारखान्यात शेकडो मोटारी असतात. प्रत्येकीचा नकाशा हाताने काढल्यास वेळ जातो व चुका होतात. म्हणून नकाशाचे ठरावीक तुकडे संगणकात साठवतात. मोटारीचा अश्वशक्तीचा आकडा, स्टार्टरचा प्रकार व संरक्षक साधने यांचा तक्ता भरला की संगणक योग्य तुकडे जोडतो, तारांना क्रमांक देतो व सामानाची यादीही काढतो. हीच पद्धत आपण वहीच्या कागदावर वापरू शकतो.

प्रथम तक्ता भरा

१) मोटारीच्या पाटीवरील अश्वशक्ती व अँपिअर.
२) स्टार्टर : डी.ओ.एल. की स्टार-डेल्टा?
३) सिंगल फेज प्रिव्हेंटर : आहे / नाही.
४) ड्राय रन गार्ड : आहे / नाही.
५) ऑटो स्विच व टायमर : आहे / नाही.

दोन नियम लक्षात ठेवा

नकाशाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात मेन स्विच, फ्यूज, कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले व मोटार हा मोटारीच्या प्रवाहाचा मार्ग येतो. दुसरा भाग कॉन्टॅक्टरच्या कॉइलला चालू-बंद करणारा असतो. चुका बहुधा याच भागात होतात.

नियम पहिला : मोटार बंद करणारी प्रत्येक वस्तू एकामागून एक (सिरीजमध्ये) जोडावी.
नियम दुसरा : मोटार चालू करणारी प्रत्येक वस्तू स्टार्ट बटणाला समांतर (पॅरलल) जोडावी.

यावरून डी.ओ.एल. स्टार्टरची पूर्ण ओळ अशी होते : एक फेज – फ्यूज – सिंगल फेज प्रिव्हेंटर – ड्राय रन गार्ड – ओव्हरलोड रिले (९५-९६) – स्टॉप बटण – स्टार्ट बटण – कॉन्टॅक्टरची कॉइल (ए-१, ए-२) – फ्यूज – दुसरा फेज. स्टार्ट बटणाला समांतर कॉन्टॅक्टरचा होल्डिंग संपर्क (१३-१४) व ऑटो स्विचची शाखा येते.

आता तक्त्यात 'नाही' लिहिलेल्या वस्तू खोडा. ओळीतली वस्तू खोडली तर तिची दोन्ही टोके सरळ जोडावीत. समांतर वस्तू खोडली तर जागा मोकळी सोडावी. हे उलट झाले की घोटाळा झालाच म्हणून समजा. शेवटी प्रत्येक तारेला क्रमांक द्या व तोच क्रमांक प्रत्यक्ष तारेवर चिकटवा.

ऑटो स्विच वापरताना

साध्या स्टार्टरमध्ये लाईट गेली की कॉन्टॅक्टर सुटतो. लाईट आल्यावर स्टार्ट दाबल्याशिवाय मोटार चालू होत नाही. हे एक संरक्षणच आहे. ऑटो स्विच ते काढून घेतो.

एका डी.पी.वर ५ अश्वशक्तीच्या १५ मोटारी आहेत असे समजू. एक मोटार चालताना सुमारे ७.५ अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या सहापट म्हणजे ४५ अँपिअर ओढते. सर्व एकदम सुरू झाल्यास ६७५ अँपिअर होतात. १०० के.व्ही.ए.च्या डी.पी.ची क्षमता मात्र सुमारे १३५ ते १४० अँपिअरच असते. डी.पी. जळाला तर ऐन पाण्याच्या पाळीत सर्वांचेच पीक वाळते. म्हणूनच महावितरण ऑटो स्विच न लावण्याचे आवाहन करते. पाण्याची पाळी रात्री येते ही अडचण खरी आहे. तथापि ऑटो स्विच असलाच तर टायमर हवाच, आणि एका डी.पी.वरील शेतकऱ्यांनी आपसांत ठरवून वेगवेगळ्या वेळा लावाव्यात.

ऑटोच्या शाखेत वेगळा चालू-बंद स्विच ठेवावा. मोटार थांबवताना आधी तो बंद करून मग स्टॉप दाबावे, अन्यथा बोट काढताच मोटार परत सुरू होईल. ओव्हरलोड रिले पाटीवरील अँपिअरप्रमाणे लावावा व हाताने रिसेट होणाराच ठेवावा.

हे विसरू नका

स्टार्टर उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करून फ्यूज काढावेत व टेस्टरने खात्री करावी. कॉइलच्या तारांवरही बहुधा ४१५ व्होल्ट असतात. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. मात्र नकाशा आपल्या हाती असावा. त्याची एक प्रत प्लॅस्टिकमध्ये घालून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावी, दुसरी घरी ठेवावी. नवीन जोड दिली की त्याच दिवशी नकाशात दुरुस्ती करून तारीख टाकावी. मग रात्री-अपरात्री मोटार अडली तरी अंदाजाने तारा ओढण्याची वेळ येणार नाही.