नऊ धावांचं राज्य

धान निघाला की आमच्याकडे बांध्या मोकळ्या होतात. गडचिरोली भागातली पोरं मग धुऱ्याधुऱ्यांमधला एखादा सपाट चौकोन शोधतात, कापलेल्या धानाची खुटं पायानं दाबून खेळपट्टी करतात आणि संध्याकाळपर्यंत क्रिकेट चालतं. माझ्या लहानपणी बॅट सागाच्या फळीची असे. खेळताना आमच्यात एक अजब शिवी रूढ होती. कोणी फार वेळ खेळत राहिला, आउटच होईना, की बाकीचे ओरडत, ‘ए निंबाळकर, हट आता!’ हा निंबाळकर कोण, ते ओरडणाऱ्यांपैकी कोणालाही ठाऊक नव्हतं. माझे एक काका लाकूड डेपोत कारकून होते. त्यांना विचारलं, तर उत्तर एवढंच मिळालं, ‘चारशे त्रेचाळीस! नवच राह्यल्या होत्या ना बाबू!’

त्या नऊ धावा तेव्हापासून डोक्यात बसल्या आहेत. सी. के. नायडूंचं नागपूर आम्हाला जवळचं. त्यामुळे नायडू घराघरांत माहीत, निंबाळकर मात्र नुसतं नाव. पुढे जुनी धावपत्रकं वाचायचा नाद लागला आणि 1948-49 चा महाराष्ट्राच्या रणजी संघाचा हंगाम मी कितीदा चाळला असेन, याची गणती नाही. वाचकाला गोष्टीचा सांगाडा माहीत असणार: भाऊसाहेब निंबाळकर, पुणे, प्रतिस्पर्धी काठियावाड, नाबाद 443 आणि ब्रॅडमनचा विक्रम हुकला. आपल्याकडे ही गोष्ट सांगण्याची एक ठरलेली रीत आहे. रडव्या स्वभावाचा संस्थानिक कप्तान हा खलनायक, निंबाळकर हुतात्मा आणि शेवटी एक सुस्कारा. मलाही ती रीत आवडायची. आता आवडत नाही.

सामना 16 डिसेंबर 1948 ला सुरू झाला. काठियावाडचा पहिला डाव 238 धावांत आटोपला. मग महाराष्ट्र खेळायला उतरला आणि परतलाच नाही म्हणा ना. कमल भांडारकर आणि निंबाळकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी 455 धावा जोडल्या. दुसऱ्या गड्यासाठी तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. भांडारकरांच्या 205. इतक्या मोठ्या खेळीचं नाव आज कोणी घेत नाही, कारण समोरच्या टोकाला त्याहून दुप्पट मोठं काहीतरी चाललं होतं. निंबाळकर 494 मिनिटं खेळले, 49 चौकार आणि 1 षटकार मारला. तिसऱ्या दिवशी लंचला धावफलक होता 4 बाद 826. दोघांच्या मिळून 648, म्हणजे बाकीच्या सगळ्यांच्या आणि अवांतर धरून 178. पत्रकातला हा 178 चा आकडा मला फार बोलका वाटतो. बाकीचा संघ जणू दोघांच्या बैलगाडीमागून चालत होता.

प्रथम श्रेणीतला तेव्हाचा सर्वोच्च वैयक्तिक आकडा म्हणजे ब्रॅडमनच्या नाबाद 452 धावा, 1930 च्या जानेवारीत, सिडनीत क्वीन्सलंडविरुद्ध झालेल्या. बरोबरीला नऊ, मोडायला दहा. आता भांडणाकडे येऊ.

काठियावाडचे कप्तान राजकोटचे ठाकोरसाहेब होते. लंचला त्यांनी महाराष्ट्राला सुनावलं: आता पुरे, डाव घोषित करा, नाहीतर आम्ही घरी जातो. डाव घोषित झाला नाही. काठियावाडनं सामना सोडला आणि महाराष्ट्र विजयी ठरला. आपला संघ विक्रमाच्या खात्यात सोसणाऱ्याच्या रकान्यात कायमचा लिहिला जाऊ नये, हे ठाकोरसाहेबांचं कारण सांगितलं जातं. मला ते हास्यास्पद वाटत आलं आहे. सामना सोडल्यानं नाव पुसलं गेलं नाहीच, उलट कायमचं लागलं.

पण तारखा शेजारी ठेवून पाहिल्यावर माझं मत जरा सरकलं. 15 फेब्रुवारी 1948 ला काठियावाडातल्या संस्थानांचा एकत्रित संघ स्थापन झाला, सरदार पटेलांच्या हस्ते. सामना त्यानंतर दहा महिन्यांनी. म्हणजे पुण्याच्या मैदानावर कप्तान म्हणून उभा असलेला माणूस दहा महिन्यांपूर्वीपर्यंत एका राज्याचा धनी होता आणि आता त्याच्या हाती राज्य करायला उरले होते अकरा खेळाडू. त्या अकरांवरची सत्ताही समोरचा एक कोल्हापूरकर, निंबाळकर, सलग दोन दिवस मोडून काढत होता. आमच्या अहेरीकडे जमीनदारी 1951 च्या सुमारास गेली, पण लोक अजूनही ‘राजे’ म्हणतात आणि त्यांच्या समोर आवाज खाली घेतात. कायद्यानं गेलेलं राज्य माणसाच्या अंगातून इतक्या लवकर निघत नाही, हे आमच्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला लागत नाही. ठाकोरसाहेबांचा ‘घरी जातो’ मला म्हणून खेळाडूच्या तोंडचा वाटत नाही. तो हुकूम होता, फक्त मानणारं राज्य संपलेलं.

महाराष्ट्राच्या बाजूनंही एक प्रश्न उरतो, तो कोणी विचारत नाही. 238 ला उत्तर म्हणून 826, म्हणजे 588 धावांची आघाडी! समोरच्यानं दोन दिवस मुकाट चेंडू वेचले. सामन्याच्या दृष्टीनं खेळत राहण्यात काही अर्थ उरला नव्हता. उरला होता तो एका माणसाच्या वैयक्तिक आकड्याचा, आणि तो आकडा जवळ आल्याचं निंबाळकरांना स्वतःला ठाऊकही नव्हतं असं सांगतात. मग मागे बसलेल्या कारभाऱ्यांनी आधी सकाळीच ब्रॅडमनचा आकडा सांगून खेळ जरा हलवला असता तर? लंचपूर्वी दहा धावा! भांडारकरांबरोबर ज्यानं 455 जोडल्या, त्याच्या दृष्टीनं दहा धावा म्हणजे काय? खापर एकट्या ठाकोरसाहेबांवर फोडणं मला पटत नाही.

निंबाळकर पुढे सांगत, ब्रॅडमनकडून त्यांना एक चिठ्ठी आली होती, तुमची खेळी माझ्यापेक्षा सरस अशा अर्थाची. असेलही. ब्रॅडमन मोठ्या मनाचा माणूस होता की हिशेबी होता, यावर ऑस्ट्रेलियात अजून वाद चालतात, आपण त्यात पडायला नको.

हंगामाचा उरलेला भाग मात्र तेवढाच वेडा आहे. मार्च 1949 मध्ये पुण्यात उपान्त्य सामना, मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. सात दिवस चालला. मुंबई 651, महाराष्ट्र 407. मग मुंबईचा दुसरा डाव 8 बाद 714 वर घोषित. महाराष्ट्र 604, तरी 354 धावांनी हार. एकूण 2376 धावा, प्रथम श्रेणीच्या एका सामन्यातला विक्रम. नऊ शतकं झाली: माधव मंत्रींचं द्विशतक, उदय मर्चंट आणि दत्तू फडकर यांची प्रत्येकी दोन, महाराष्ट्राच्या मधुसूदन रेग्यांची दोन, दातार आणि शरद देवधर यांचं एकेक. शरद हे प्रो. दि. ब. देवधरांचे चिरंजीव. वडिलांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं 1939-40 आणि 1940-41 ही लागोपाठ दोन वर्षं रणजी करंडक जिंकला होता. त्या नऊ शतकांच्या यादीत निंबाळकर नाहीत.

तारखा पुन्हा शेजारी ठेवा. 1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्यानंतर काही दिवसांतच हा सामना सुरू झाला, आणि मैदानावर कोल्हापूरचे दोन पुत्र आमनेसामने होते: महाराष्ट्राकडून निंबाळकर, मुंबईकडून फडकर. अंतिम सामन्यात मुंबईनं बडोद्याला हरवलं, आणि 1 मे ला बडोदंही विलीन झालं. रणजीच्या त्या एका हंगामात राजघराण्यांच्या क्रिकेटची तीन दारं अशी पाठोपाठ मिटलेली दिसतात. राजे क्रिकेटपटूंना दरबारात, फौजेत नेमत. नायडूंना होळकरांच्या फौजेत कर्नलचा हुद्दा होता. तेव्हा पगारी खेळाडू आपल्याकडे नव्हते असं म्हणण्यापेक्षा, पगार राजाच्या नावानं मिळायचा, एवढंच म्हणावं. निंबाळकरांनीही बडोदा, महाराष्ट्र, होळकर, मध्य भारत, राजस्थान, रेल्वे असा मुलूख फिरून पाहिला. आश्रयदाते बदलत गेले, माणूस तोच.

आणि कसोटी? पुण्याची खेळी 18 डिसेंबरला संपली. वेस्ट इंडिजचा संघ तेव्हा भारतातच होता. तिसरी कसोटी 31 डिसेंबरपासून कलकत्त्यात होती, म्हणजे निवडकर्त्यांना दोन आठवड्यांच्या आत 443 धावा दिसायला हव्या होत्या. महाराष्ट्राचे रेगे मद्रासच्या कसोटीत खेळले, एकच. निंबाळकर एकही नाही. त्यांनी राष्ट्रकुल संघाविरुद्ध एक अनधिकृत कसोटी खेळली, बस्स. प्रथम श्रेणीत त्यांच्या 4841 धावा, सरासरी 47.93. चारशेच्या पार जाऊनही कसोटी न खेळलेला दुसरा माणूस मिळायला 2022 साल उजाडावं लागलं, तेही इंग्लंडात: सॅम नॉर्थईस्ट, नाबाद 410. भारतीय फलंदाजाचा प्रथम श्रेणीतला सर्वोच्च आकडा आजही 443 च आहे. पृथ्वी शॉ 2023 मध्ये 379 पर्यंत पोचला आणि बाद झाला. हनीफ महंमद 1959 मध्ये कराचीत 499 वर धावबाद झाले, त्या धावेची हळहळ जगभर सांगितली जाते. आपल्या नऊ धावांची सांगायला मला काकांचा आवाज पुरेसा आहे.

विदर्भानं पहिला रणजी करंडक 1 जानेवारी 2018 ला जिंकला, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. त्या दिवशी बांधीतल्या पोरांना मी निंबाळकरांबद्दल सांगायला गेलो. त्यांना विराट हवा होता, मला बोलू दिलं नाही.

नागपुरात जन्मलेल्या नायडूंच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार निंबाळकरांना 2002 साली मिळाला. 11 डिसेंबर 2012 ला ते कोल्हापुरात वारले. दुसऱ्या दिवशी त्यांना 93 वर्षं पूर्ण झाली असती.