चॅटबॉटच्या मागे बसलेली माणसं : बड्या टेक कंपन्या आणि जगातली विषमता



बड्या टेक कंपन्या आणि विषमता म्हटलं की आपल्यापुढे पटकन अब्जाधीशांच्या याद्या येतात. कुणाकडे किती पैसा, कुणाचं विमान केवढं. ते वाचायला गमतीचं असतं, पण त्यातून फारसं काही कळत नाही. म्हणून आज आपण सुरुवात एका दरापासून करू. हा दर आहे ताशी साडेबारा डॉलरचा.

२०२१ च्या अखेरीस ओपनएआय या अमेरिकन कंपनीने 'सामा' नावाच्या कंपनीला एक काम दिलं. सामाचं मुख्यालय सॅन फ्रान्सिस्कोला, पण माणसं बसतात केनियाची राजधानी नैरोबीत. काम असं, की इंटरनेटवरून घेतलेले मजकुराचे तुकडे वाचायचे आणि प्रत्येकावर शिक्का मारायचा : हा लैंगिक अत्याचार, ही हिंसा, हा द्वेष. असं का करावं लागतं, हे थोडं समजून घेऊ. चॅटबॉट इंटरनेटवरच्या अफाट मजकुरातून भाषा शिकतो. त्या मजकुरात जे घाणेरडं आहे तेही तो शिकतो. त्याने ते ओकू नये म्हणून गाळणी बसवावी लागते. आता घाण म्हणजे काय, हे गाळणीला आपोआप कळत नाही. कुणीतरी माणसाने हजारो नमुने वाचून 'हे घाण, हे नाही' असं सांगावं लागतं. त्या सांगण्यातून गाळणी तयार होते.

'टाइम' नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये या कामाचे दर प्रसिद्ध केले. करारानुसार ओपनएआय सामाला ताशी साडेबारा डॉलर देत होती. प्रत्यक्ष वाचणाऱ्या माणसाच्या हातात पडत होते ताशी १.३२ ते २ डॉलर. म्हणजे रुपयातले दहा ते सोळा पैसे. सामाचं म्हणणं असं, की साडेबारा डॉलरमध्ये जागा, यंत्रणा, वरिष्ठांचे पगार असं सगळं धरलेलं होतं. असेलही. पण तरी लक्षात घ्या, हे सगळे करार मिळून सुमारे दोन लाख डॉलरचे होते. पुढे त्याच कंपनीचं मूल्य अब्जावधी डॉलरमध्ये मोजलं गेलं. गाळणी नसती तर चॅटजीपीटी लोकांपुढे आणताच आला नसता. म्हणजे काम बिनमहत्त्वाचं होतं म्हणून स्वस्त होतं, असं म्हणायला जागा नाही.

हा प्रकार नवा नाही. ॲमेझॉनने २००५ मध्ये 'मेकॅनिकल टर्क' नावाचा एक बाजार उघडला. हे नाव अठराव्या शतकातल्या एका यंत्राचं. व्हिएन्नाच्या दरबारात १७७० मध्ये दाखवलेला, आपोआप बुद्धिबळ खेळणारा लाकडी तुर्क. लोक थक्क व्हायचे. प्रत्यक्षात खालच्या पेटीत एक माणूस दडून बसलेला असायचा. ॲमेझॉनने हे नाव उघडउघड घेतलं, हे एका अर्थी प्रामाणिकच म्हणायचं! या बाजारात जगभरची माणसं किरकोळ पैशांत छोटी छोटी कामं करतात : चित्रात मांजर आहे का सांगा, पावती टाइप करा. आज ज्याला आपण कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतो, तिला मोठी चालना देणारा 'इमेजनेट' हा चित्रसंग्रह २००९ मध्ये आला. पुढे त्यात एक कोटी चाळीस लाखांहून अधिक चित्रं जमली. त्यांवर नावं घालण्याचं काम याच बाजारातून १६७ देशांतल्या सुमारे ४९ हजार लोकांनी केलं. त्या शोधनिबंधांच्या लेखकांची नावं जगाला ठाऊक आहेत. या ४९ हजारांपैकी एकाचंही नाव आपण सांगू शकणार नाही. आणि बरीच वर्षं अमेरिका आणि भारत सोडून बहुतेक देशांतल्या कामगारांना मोबदला रोख मिळतच नसे. मिळायचं ते ॲमेझॉनचं गिफ्ट कार्ड. मजुरी सावकाराच्याच दुकानात खर्च करायची, असा हा हिशेब.

आता एक प्रश्न हमखास येतो. "अहो, पण तिथल्या मानाने हा पगार बराच नाही का? नाहीतर त्यांना कामच मिळालं नसतं." हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. नैरोबीत इंग्रजी शिकलेले, पदवी घेतलेले हजारो तरुण बेकार आहेत. बरेच जण या कामाला आपणहून गेले. काम गेलं तेव्हा काहींना वाईटही वाटलं. पण 'बरा पगार' हे मोजताना आपण शेजारच्या बेकाराशी तुलना करतो, कामाच्या मोलाशी करत नाही. शिवाय यात एक गोष्ट सुटते, ती म्हणजे काम उचलून नेण्याची सोय. कारखाना हलवायचा तर यंत्रं हलवावी लागतात, इमारत सोडावी लागते. इथे नुसतं खातं बंद करायचं. मार्च २०२४ मध्ये 'रिमोटास्क्स' या अशाच एका मंचाने केनियातलं काम बंद केलं. ज्यांचं घर त्यावर चालत होतं, त्यांना बातमी ईमेलने मिळाली. ज्याला रात्रीतून निघून जाता येतं त्याच्याशी दरावरून घासाघीस कशी करणार?

तरीही नैरोबीत घासाघीस झाली, आणि ती फेसबुकशी झाली. फेसबुकची मालक कंपनी मेटा हिने आफ्रिकेतल्या भाषांमधल्या पोस्ट तपासण्याचं कामही सामालाच दिलेलं होतं. शिरच्छेद, बालकांवरचे अत्याचार, आत्महत्या यांचे व्हिडिओ दिवसभर पाहायचे आणि काढून टाकायचे. आपल्या फोनवर ते दिसत नाहीत, कारण आधी कुणीतरी ते पाहिलेले असतात. डॅनियल मोतॉन्ग या दक्षिण आफ्रिकी तरुणाने तिथे सहकाऱ्यांची संघटना बांधायचा प्रयत्न केला. त्याची नोकरी गेली. मे २०२२ मध्ये त्याने नैरोबीत मेटा आणि सामा यांच्यावर खटला भरला. २०२३ च्या सुरुवातीला सामाने हे काम सोडलं, आणि सुमारे २६० जणांना घरी जायची नोटीस मिळाली. त्यांतल्या अनेकांनी दुसरा खटला भरला. पुढे या खटल्यात १४० हून अधिक जणांना या कामामुळे गंभीर मानसिक आघात झाल्याचे वैद्यकीय अहवाल न्यायालयापुढे आले.

मेटाने त्यावर काय सांगितलं ते नीट ऐका. कंपनीचा मुद्दा असा, की आमची केनियात नोंदणीच नाही, ही माणसं आमची कर्मचारी नाहीत, तेव्हा इथल्या न्यायालयाला आमच्यावर अधिकार नाही. म्हणजे केनियातल्या लोकांना जाहिराती दाखवताना कंपनी केनियात असते आणि समन्स आलं की नसते. न्यायालयाने हे मानलं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये कामगार न्यायालयाने आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, की मेटावर केनियात खटला चालू शकतो. दरम्यान, १ मे २०२३ रोजी नैरोबीत दीडशेहून अधिक कामगार जमले आणि त्यांनी आफ्रिकेतल्या मजकूर तपासनिसांची संघटना स्थापन करण्याचा ठराव केला. आमच्या मते या साऱ्या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा निकाल हाच आहे. ठेकेदाराच्या आड लपता येणार नाही, एवढं जरी पक्कं झालं, तरी दराची बोलणी बदलतात.

पण मजुरी वाढली म्हणजे विषमता संपली का? नाही. इथे आपल्याला न्यायमूर्ती रानड्यांची आठवण होते. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. परतंत्र देशाचं काम कच्चा माल पिकवण्यापुरतं उरतं आणि त्याचं मोल वाढवणारं कौशल्य, भांडवल, वाहतूक दुसऱ्याच्या हाती जाते, ही त्यांची तक्रार होती. आज कुणी बंदूक घेऊन उभं नाही, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये. पण कच्च्या मालाची गोष्ट लागू पडते. कापूस एकदा विकला की संपतो. माणसाने दिलेला शिक्का, उच्चारलेलं वाक्य मात्र कंपनीकडे कायमचं राहतं आणि वर्षानुवर्षं कमावत राहतं. देणाऱ्याला मात्र त्याचे पैसे एकदाच मिळतात. त्यामुळे खरा प्रश्न मालकीचा आहे. हा माल कुणाच्या नावावर?

याचं एक उत्तर न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला, कायताया या छोट्या गावात मिळतं. तिथे 'ते हिकू मीडिया' ही माओरी लोकांची स्वतःची नभोवाणी संस्था आहे. २०१८ मध्ये त्यांनी माओरी वाक्यं वाचून ध्वनिमुद्रित करायची स्पर्धा घेतली. सुमारे अडीच हजार लोकांनी नावं नोंदवली आणि दहा दिवसांत तीनशेहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण जमलं. त्यातून बोललेली माओरी ओळखणारी यंत्रणा त्यांनी स्वतः उभी केली. हा संग्रह मागायला बाहेरच्या कंपन्या आल्या, तेव्हा त्यांनी नकार दिला. त्यांचं म्हणणं साधं होतं : ही भाषा शाळेत बोलली म्हणून आमच्या आजी-आजोबांनी मार खाल्ला, आता तीच भाषा आम्हाला परत विकत घ्यायला लावू नका. त्यांनी 'काइतियाकितांगा' नावाचा परवाना तयार केला. या शब्दाचा अर्थ राखण करणं, विश्वस्त म्हणून सांभाळणं. संग्रह वापरायचा तर परवानगी घ्यायची आणि फायदा माओरींकडे आला पाहिजे.

आपल्याकडे खुल्या विदेचा, म्हणजे सर्वांना फुकट वापरू देण्याचा, मोठा आग्रह असतो. आम्हालाही तो एरवी पटतो. पण फुकट ठेवलेली वस्तू सगळ्यांत जास्त कोण वापरतो? ज्याच्याकडे सर्वांत मोठे संगणक आहेत तो. माओरींनी हे वेळीच ओळखलं.

दुसरं उत्तर मराठीतूनच गेलेलं आहे. बंगळुरूची 'कार्या' ही संस्था मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या भारतातल्या एका प्रकल्पातून जन्मली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रकल्पाच्या एका अभ्यासात ३६ जणांकडून १०९ तासांचं मराठी बोलणं नोंदवलं गेलं. त्यात खेड्यातले आणि शहरातले कमी उत्पन्नाचे लोक होते, तसे विद्यापीठातले विद्यार्थीही होते. गरिबांनी केलेलं काम विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीचं निघालं. खरं तर यात नवल वाटायला नको, पण तोवर अशी कामं शहरी, शिकलेल्या लोकांकडेच जात होती. कार्या आता किमान ताशी ५ डॉलरच्या आसपास, म्हणजे सुमारे चारशे रुपये देते, आणि तोच माल पुन्हा विकला गेला तर बोलणाऱ्याला पुन्हा वाटा देते. पुस्तकाच्या मानधनासारखं. याची मर्यादा उघड आहे : माल विकत घेणाऱ्यांत पुन्हा बड्या कंपन्याच आहेत. त्यांनी पाठ फिरवली तर ताशी चारशे रुपये कोण देणार? म्हणून अशा संस्थांना सरकारी कामं मिळणं आम्हाला फार गरजेचं वाटतं.

कराबद्दल थोडक्यात. जिथे लोक सेवा वापरतात तिथे कंपनीने कर भरावा, एवढीच गरीब देशांची मागणी. भारताने २०१६ मध्ये परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवर ६ टक्के समकरण शुल्क लावलं, केनियाने २०२१ मध्ये दीड टक्क्याचा डिजिटल सेवा कर. अमेरिकेने अशा करांविरुद्ध व्यापारी दबाव आणला. भारताने ते शुल्क १ एप्रिल २०२५ पासून काढून टाकलं. कॅनडासारख्या श्रीमंत देशानेही जून २०२५ मध्ये, अमेरिकेने व्यापाराची बोलणी थांबवताच, आपला कर मागे घेतला. एकेकट्या देशाला हे जमत नाही, हे यावरून दिसतं.

शेवटी, या विषयावर बोलताना एक प्रश्न नेहमी विचारला जातो : आपल्याकडे यूपीआय आहे, ती सार्वजनिक यंत्रणा आहे, मग आपण सुटलो का? यूपीआय हा मोठा आणि खरा पर्याय आहे. २०१६ पासून भाजीवाल्यापर्यंत पोचला, आणि व्हिसा-मास्टरकार्डला कमिशन न देता पैसे हलवता येतात. पण रस्ता सार्वजनिक असला तरी त्यावरच्या गाड्या कुणाच्या, हे पाहा. यूपीआयच्या व्यवहारांपैकी पाचातले चार फोनपे आणि गुगल पे या दोन ॲपवरून होतात. एकाची मालकी वॉलमार्टकडे, दुसऱ्याची गुगलकडे. कोणत्याही एका ॲपचा वाटा ३० टक्क्यांवर जाऊ नये, असा नियम राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने नोव्हेंबर २०२० मध्येच केला. तो लागू करायची मुदत दोनदा पुढे ढकलली गेली, आणि आता ती ३१ डिसेंबर २०२६ ही आहे.