युद्धाच्या अलीकडचे भांडण

गोळी सुटली नाही म्हणजे शांतता, ही समजूत सर्रास आढळते. महासत्ता मात्र बरेचदा ग्रे झोनमध्ये (युद्ध पेटणार नाही इतपत, नामानिराळे राहता येईल अशा कुरापतींच्या पट्ट्यात) भांडतात. भाऊबंदाने दरवर्षी वीतभर बांध कोरावा, तसे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि न्हावा शेवा बंदरातले तिचे टर्मिनलही अडले. रोख युक्रेनवर, झळ उरणच्या कंटेनरांना! ही साधी खंडणीखोरी नव्हती का? खंडणी मागितली होती खरी, पण पैसे भरूनही फायली सोडवण्याची सोयच त्यात नव्हती. फेब्रुवारी २०१८मध्ये अमेरिका-ब्रिटनने रशियन लष्कराकडे बोट दाखवले. रशियाने कानांवर हात ठेवले. अमेरिकेचे उत्तरही त्याच मापाचे होते: मार्चमधले आर्थिक निर्बंध.