निगा स्प्रे गनची

मोटारीच्या बॉनेटवर आरशासारखा रंग चढवणारी स्प्रे गन मूळची दवाखान्यातली. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात डॉ. ॲलन डिव्हिल्बिस घशात औषध फवारण्याचं उपकरण बनवत. १९०७ मध्ये त्यांच्या मुलानं, थॉमसनं, त्याच तत्त्वावर रंगाची गन तयार केली. १९२०च्या दशकात झटपट वाळणारं लॅकर आलं आणि मोटार कारखान्यांत गननं ब्रशला मागे सारलं.

ट्रिगर ओढला की नीडल मागे सरकते, नोझलमधून रंग सुटतो आणि एअर कॅपमधली हवा त्याचा फवारा करते. मोटारीच्या शेवटच्या थरासाठी नोझल असतं जेमतेम १.३ ते १.४ मिलिमीटरचं. एवढ्याशा वाटेत कालच्या रंगाचा कण अडकला, तर आजच्या पत्र्यावर तो उमटतोच. म्हणून गन धुणं हा रंगकामाचाच भाग.

हात धुवायचे ते गन धुतल्यावर. हार्डनर घातलेला रंग आत घट्ट झाला की थिनरलाही दाद देत नाही. कप रिकामा करून थिनर घालायचं, स्वच्छ फवारा येईपर्यंत मारायचं. हातात मोजे, तोंडाला मास्क हवाच. मग एअर कॅप आणि नीडल काढायची, नोझल सगळ्यांत शेवटी. नीडल आत असताना नोझल फिरवलं, तर दोन्ही खरवडतात. छिद्रांत तार किंवा टाचणी मुळीच घालायची नाही, कारण भोकाचा आकार बदलला की फवारा कायमचा बिघडतो. त्यासाठी नायलॉनचा ब्रश किंवा लाकडी काडी पुरते. अख्खी गन रात्रभर थिनरमध्ये बुडवली, तर पॅकिंग खराब होतं आणि विरघळलेला रंग हवेच्या वाटेत शिरतो.

पेणच्या गणपती कारखान्यांतही गन चालते. रंग पाण्यातला असेल तर ती पाण्यानंच धुवायची, पण नंतर हवा मारून पूर्ण कोरडी करायची. ओल राहिली की गंज आलाच.

बिघाड ओळखायला जुना पुठ्ठा पुरतो. फवारा एका बाजूला जड पडला, तर एअर कॅप अर्धा वळसा फिरवून पुन्हा मारायचा. जड बाजू बदलली तर दोष कॅपमध्ये, तशीच राहिली तर नोझलमध्ये. फवारा तुटक येत असेल तर नोझल सैल आहे किंवा पॅकिंग सुकलंय.

जोडणी करताना नीडलच्या पॅकिंगला आणि ट्रिगरच्या पिनेला थेंबभर तेल द्यायचं, तेही सिलिकॉन नसलेलं. सिलिकॉनचा अंश रंगात उतरला तर पत्र्यावर गोल खळगे पडतात. पेंटर त्यांना ‘फिश आय’ म्हणतात आणि मग अख्खं पॅनेल घासून नव्यानं रंगवावं लागतं.