ऑस्कर माशाचे विचित्र वागणे : औषधापूर्वी पाण्याची तपासणी

शोभिवंत माशांमध्ये ऑस्कर हा आकाराने आणि स्वभावाने वेगळा ठरणारा मासा आहे. ॲमेझॉन खोऱ्यातील हा सिक्लिड कुळातील मासा ३० सेंटीमीटर किंवा त्याहूनही अधिक वाढतो व उत्तम व्यवस्थापनात दहा वर्षांहून अधिक जगतो. या माशाची नर-मादी जोडी बाहेरून लावता येत नाही; एकत्र वाढलेल्या गटातून मासे स्वतःच जोडीदार निवडतात. त्यामुळे जुळलेल्या जोडीतील एक मासा दगावल्यास केवळ त्याची किंमत नव्हे, तर एक-दोन वर्षांचे संगोपनही वाया जाते. असे नुकसान अनेकदा रोगामुळे नव्हे, तर चुकीच्या निदानावर घाईने दिलेल्या औषधामुळे होते.

रुसवा की आजार?

टाकीतील दगडांची मांडणी बदलली, सोबतचा मासा काढला किंवा टाकी बदलली, तर ऑस्कर तळाशी एका कुशीवर पडून राहतो, रंग बदलतो आणि खाद्य नाकारतो. नवख्या मत्स्यपालकास मासा मरणासन्न वाटतो. मात्र कल्ल्यांची हालचाल संथ व नियमित असेल आणि अंगावर कोणतेही लक्षण नसेल, तर हा तात्पुरता ताण समजावा. प्रकाश मंद ठेवावा व माशाला त्रास देऊ नये; तो बहुधा एक-दोन दिवसांत पूर्ववत होतो. श्वसन जलद असल्यास किंवा स्थिती अधिक काळ टिकल्यास पुढील तपासणी तातडीने करावी.

पहिली तपासणी पाण्याची

मोठा मांसाहारी मासा भरपूर प्रथिनयुक्त खाद्य खातो व तेवढाच अमोनिया उत्सर्जित करतो. नव्या टाकीच्या फिल्टरमध्ये उपयुक्त जिवाणू स्थिरावण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत अमोनिया व नायट्राइट साचत राहतात. चाचणी संचाने मोजल्यास ही दोन्ही मूल्ये शून्य असावीत. तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस आणि विद्राव्य प्राणवायू प्रतिलिटर ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असावा.

अमोनियाची विषारीता पीएचवर अवलंबून असते. २८ अंश तापमानास पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहून कमी भाग विषारी स्वरूपात असतो. पीएच ८ झाल्यास तोच भाग सहा टक्क्यांच्या पुढे जातो. दीर्घकाळ पाणी न बदललेल्या टाकीत पीएच घसरलेला असतो. अशा टाकीत एकदम बहुतांश पाणी बदलल्यास पीएच वाढतो आणि दबलेला अमोनिया विषारी बनतो. ‘स्वच्छ पाणी घातले आणि मासा मेला’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते. म्हणून पाणी टप्प्याटप्प्याने, एका वेळी २० ते २५ टक्के बदलावे. नळाचे पाणी क्लोरीनमुक्त करूनच वापरावे.

लक्षणांवरून दिशा

• पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करणे : प्राणवायूची कमतरता. हवा पुरवठा वाढवावा.
• भरपूर हवा असूनही धाप व तपकिरी कल्ले : नायट्राइटची बाधा. मिठातील क्लोराइडमुळे नायट्राइट शरीरात शिरण्यास अटकाव होतो.
• दगडावर अंग घासणे : पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, कल्ल्यांतील कृमी किंवा माशांच्या उवा यांची शक्यता.
• तोल जाणे, डोके खाली करून तरंगणे : वाताशयाचा बिघाड वा बद्धकोष्ठता. एक-दोन दिवस खाद्य बंद ठेवून निरीक्षण करावे.
• पोट फुगून खवले उभे राहणे : अंतर्गत संसर्ग किंवा मूत्रपिंडाचा बिघाड. मासा त्वरित वेगळा करावा.

डोक्यावरील खड्डे

ऑस्करच्या डोक्यावर व डोळ्यांभोवती बारीक छिद्रे पडून ती वाढत जाणे हा विकार विशेष आढळतो. वाढलेले नायट्रेट, जीवनसत्त्वांची उणीव आणि स्पायरोन्यूक्लिअस हा आतड्यातील परजीवी यांचा त्याच्याशी संबंध जोडला जातो. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा दिसल्यास परजीवीचा संशय बळावतो. केवळ जखमेवर औषध लावून उपयोग होत नाही; पाणी सुधारणे व आहारात विविधता आणणे हा उपचाराचा पाया होय. खाद्य म्हणून जिवंत गोल्डफिश देणे टाळावे. त्यातून रोगजंतू येतातच, शिवाय त्यातील थायमिनेज विकरामुळे बी-१ जीवनसत्त्व नष्ट होते.

औषध सर्वांत शेवटी

निदानाविना टाकीत टाकलेली प्रतिजैविके फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूंनाही मारू शकतात. परिणामी अमोनिया वाढून आजारी मासा अधिक खालावतो. प्रतिजैविकांस दाद न देणारे जिवाणू निर्माण होण्याचा धोकाही असतो. म्हणून औषध मत्स्यरोग तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच, वेगळ्या टाकीत द्यावे. नवीन मासे दोन ते तीन आठवडे विलग ठेवावेत.

विस्तार कार्यकर्त्यांनी भेटीच्या वेळी पाच नोंदी अवश्य घ्याव्यात : टाकीचे आकारमान व माशांची संख्या, शेवटचा पाणीबदल, खाद्याचा प्रकार, अलीकडे झालेला बदल आणि लक्षण प्रथम दिसल्याचा दिवस. या नोंदी व चाचणीची मूल्ये सोबत असल्यास प्रयोगशाळेतील निदान सोपे होते. राष्ट्रीय जलचर रोग सर्वेक्षण कार्यक्रमांतर्गत २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘रिपोर्ट फिश डिसीज’ या मोबाइल ॲपवरूनही मत्स्यपालकांना रोगाची माहिती तज्ज्ञांपर्यंत पोहोचवता येते.